काचेखालचा कागद

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आज आधी एक काम करा. हातातल्या फोनच्या काचेवरून एकदा बोट फिरवा. (भांडीवाल्यांनी आधी हात पुसा.) किती गुळगुळीत आहे ना? ही काच कधीतरी लालभडक, वितळलेली, काकवीसारखी वाहती होती. मग मला सांगा, ती तशी वाहत असताना ठेवली कशावर होती? गरम काच ज्याला टेकते त्याला चिकटते. आणि चिकटली नाही, तरी खालच्या वस्तूचा ठसा घेतेच.

हा प्रश्न मला फोनकडे बघून पडलेला नाही. तो पडला नऊ कोस्टरमुळे. ते नऊ कोस्टर मी एका रात्रीत वाया घालवले, आणि ते माझे नव्हते.

माझी मावशी बँकेत होती. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या पैशांतून थोडे बाजूला काढून तिनं घराच्या मागच्या खोलीत विजेवर चालणारी एक छोटी भट्टी बसवली. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, एकावर एक रचायचे आणि साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकजीव करायचे, हे तिचं काम. याला काच फ्यूज करणं म्हणतात. फुंकणी नाही, साचा नाही. काच तापते, मऊ होते, एकमेकींत विरघळते आणि हळूहळू निवते. सगळा खेळ भट्टीच्या बंद दाराआड.

तर तिला तिची पहिली बऱ्यापैकी ऑर्डर मिळाली होती. एका लग्नात द्यायला बारा कोस्टर. काच बाहेरून मागवलेली, म्हणजे महाग. त्या रात्री मावशीला अचानक गावी जावं लागलं. काच कापून, रचून तयार होती. जाताना मला म्हणाली, "शेल्फवर कागद घाल, त्यावर काच ठेव आणि बटण दाब. प्रोग्राम लावलाय." एवढंच. मला वाटलं, यात चुकण्यासारखं काय आहे?

भट्टीत काच ठेवायला एक सपाट सिरॅमिकची फळी असते, तिला शेल्फ म्हणतात. काच आणि शेल्फ यांच्या मध्ये एक पातळ पांढरा कागद घालतात, तो शेल्फ पेपर. दिसायला अगदी ड्रॉइंगच्या कागदासारखा. मी तो कापला ऐसपैस, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की कमी पडायला नको. प्रत्येक कोस्टरच्या चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त. शेवटी कागद संपत आला तेव्हा उरलेले दोन तुकडे एकमेकांवर चढवून काम भागवलं. तासाभरानं भट्टीतून जळका वास यायला लागला. शेजारच्या काकू खिडकीतून "अगं, काय जळतंय?" विचारायला लागल्या, म्हणून मी भट्टीच्या झाकणातलं छोटं भोक त्याच्या बुचानं बंद करून टाकलं. वास थांबला. मी खूष.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टी निवल्यावर झाकण उघडलं. बारांपैकी नऊ गेलेले. काहींच्या कडांवर पांढरा भुगा चढून काचेतच रुतून बसला होता. एकाच्या पोटातून आरपार रेघ. एकाला मधोमध बुडबुडा, चांगला लिंबाएवढा. आणि बहुतेकांवर एक करडी झाक, आरशावर श्वास सोडल्यासारखी, पण पुसली न जाणारी. मग घाबरून मी काय केलं असेल? रंगाचा कोरडा ब्रश घेतला आणि शेल्फवरची पांढरी पूड झटकायला लागले. वर फुंकरही मारली. खोलीभर धुरळा.

तेवढ्यात मावशी आली. कोस्टरकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. "आधी बाहेर ये," म्हणाली, आणि खिडकी उघडली.

ओरडली नाही हो ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, "त्याला कागद म्हणतात म्हणून तो कागद होत नाही."

मग काय आहे तो? आधी तेवढं समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

काचेला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. ती तापत जाते तशी मऊ मऊ होत जाते. साधारण ६५० अंशांना वाकते, ७००च्या पुढे कडा गोल व्हायला लागतात, ८००च्या आसपास पूर्ण एकजीव होते. या अवस्थेत ती नुसती टेकत नाही, खालच्या सिरॅमिकला ओलं करते, त्यातली खनिजं विरघळवून घेते. म्हणजे दोघांची खरोखरच सोयरीक होते. आणि मग निवताना काच एका मापानं आकसते, सिरॅमिक दुसऱ्या मापानं. कुणीतरी तुटणारच. बहुतेक वेळा काच तुटते, आणि जाताना शेल्फचा पापुद्राही घेऊन जाते.

म्हणून मध्ये असं काहीतरी हवं ज्याला काच सहजासहजी विरघळवू शकत नाही. हे काम ॲल्युमिना चांगलं करतं. शेल्फ पेपर म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनासारखं खनिज आणि थोडे तंतू, आणि ते सगळं कागदाच्या रूपात धरून ठेवायला एक सेंद्रिय बांधणी. भट्टी साधारण ४०० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत ही बांधणी जळून जाते. वास येतो तो तिचा. त्यानंतर काचेखाली कागद उरतच नाही. उरतो तो भुकटीचा एक नाजूक थर. काच त्या भुकटीवर बसलेली असते.

आता माझ्या चुका मोजा. कागद काचेच्या खूप बाहेर आला की बांधणी जळताना त्याची मोकळी कड वर वळते आणि मऊ काचेवर पडते. तो कडांवरचा भुगा. दोन तुकडे एकमेकांवर चढले की त्या पायरीचा ठसा काचेत उमटतो. ती आरपार रेघ. आणि वास नको म्हणून मी जे भोक बंद केलं, त्यातून तर धूर बाहेर जायचा होता. त्याला वाटच राहिली नाही, तो काचेवर बसला. ती करडी झाक. काकूंना मी खुश केलं आणि मावशीची काच काळवंडवली.

त्या रात्री मला झोप आली नाही. आणि झोप नाही आली की मी वाचते, हे तुम्हाला आता माहीतच आहे. माझा प्रश्न साधा होता. हा कागद तर अगदी अलीकडचा. मग त्याआधी लोक काय करत होते? गरम काच माणूस साडेतीन हजार वर्षं तरी हाताळतोय. इतकी वर्षं ती ठेवत होते कशावर?

इथून आपण इजिप्तला जाऊ.

नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागात कंतीर नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांखाली पी-रामेसेस आहे, म्हणजे दुसऱ्या रामेसेसची राजधानी, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातली. तिथे उत्खनन करणारे एडगर पुश आणि प्राचीन धातू-काचेचे अभ्यासक थिलो रेहरेन या दोघांनी २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांच्या हाती सोनंनाणं लागलेलं नव्हतं. फुटक्या मुशींचे तुकडे लागले होते. मूस म्हणजे काच वितळवायचं मातीचं भांडं.

त्या तुकड्यांवरून त्यांनी काच बनवण्याची पूर्ण पद्धत उभी केली. आधी कच्चा माल एका भांड्यात तापवून अर्धीकच्ची काच करायची. गंमत म्हणजे या कामासाठी घरगुती बीअरचे रांजण वापरलेले होते! मग ती काच फोडून, धुऊन, रंग घालून दुसऱ्या, नळकांड्यासारख्या मुशीत पुन्हा वितळवायची आणि जाड चकतीच्या आकाराची वीट पाडायची. पण मी ज्या वाक्याला थांबले ते असं होतं की, या भांड्यांना आतून चुन्याचा थर दिलेला होता. काच मातीला चिकटू नये म्हणून.

चुना! मी उठून बसले. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भांड्याच्या आत चुन्याचा हात फिरवत होतं, आणि त्याचं काम अगदी तेच होतं जे मावशीच्या कागदाचं आहे. चुनखडीचा थर तापला की भुसभुशीत होतो, काच आणि भांडं यांच्या मध्ये भुकटीसारखा राहतो. थर नीट बसला नसेल तर काच मातीला चिकटणार आणि वीट फुटणार. तिथेही कुणाच्या तरी भाचीनं थर अर्धवट दिला असेल आणि सकाळी मालकानं मूस फोडली असेल. हे अर्थात माझं मनचं, लेखात नाही.

या विटा किती मोलाच्या होत्या? तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरून इथे समुद्रतळाशी एक जहाज सापडलं, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या शेवटी बुडालेलं. १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं पाणबुडे तिथे खाली जात राहिले. जहाजात तांबं होतं, कथील होतं, हस्तिदंत होता, आणि काचेच्या सुमारे १७५ चकत्या होत्या, गडद निळ्या, फिकट निळ्या. म्हणजे तांबं आणि हस्तिदंत यांच्या रांगेत काच. या चकत्यांचा आकार इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडलेल्या नळकांडी भांड्यांशी जुळतो. एवढी महागाची वस्तू, आणि तिचं नशीब भांड्याला आतून दिलेल्या एका पातळ थरावर.

त्याच काळातली आणखी एक युक्ती मला फारच आवडली. फुंकणीचा शोध लागायच्या कितीतरी आधी इजिप्तमध्ये अत्तराच्या छोट्या कुप्या बनत. आधी कुपीच्या पोटाच्या आकाराचा एक गाभा करायचा, माती, वाळू आणि शेणासारखं काहीतरी सेंद्रिय कालवून. तो सळीच्या टोकावर बसवायचा, त्यावर गरम काच चढवायची आणि निवल्यावर आतला गाभा खरवडून काढायचा. सेंद्रिय भाग जळून गेल्यामुळे गाभा ठिसूळ झालेला असे, म्हणून तो निघे. आता शेल्फ पेपर आठवा. सेंद्रिय बांधणी जळते, ठिसूळ भुकटी उरते. कल्पना तीच! शेणाच्या जागी कारखान्यातला लगदा आला, इतकंच. आणि खरवडणं कधी पूर्ण होत नाही हेही तेच. संग्रहालयांतल्या त्या कुप्यांच्या आत आजही गाभ्याचा खरबरीत अंश दिसतो.

पुढची बरीच शतकं मी भरभर ओलांडते, कारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फुंकणी आली आणि काचेला टेकायची गरजच कमी झाली. हवेत धरलेल्या फुग्याला शेल्फ कशाला? पण सपाट काच हवी असली की प्रश्न पुन्हा दारात उभा. रोमन लोकांच्या ओतीव खिडक्यांच्या काचा बघा. एक बाजू चकचकीत, दुसरी मंद आणि खरबरीत. चकचकीत बाजू हवेकडची, खरबरीत बाजू खाली टेकलेली. दोन हजार वर्षांनी हातात घेतली तरी काच सांगते की आपण कुठल्या बाजूवर झोपलो होतो. मावशीच्या कोस्टरची खालची बाजूही तशीच असते, किंचित मंद, कागदाच्या पोताची. हा दोष मानायचा का, यावर काच फ्यूज करणाऱ्यांचं एकमत नाही. मला विचाराल तर तो दोष नाही. तशी खालची बाजू नसलेली फ्यूज केलेली काच बघितली की मलाच चुकल्यासारखं होतं.

फ्रान्सच्या राजाला मात्र ती चालणार नव्हती. १६६५ साली चौदाव्या लुईच्या काळात जो राजकारखाना निघाला, तोच पुढे सेंट-गोबेन झाला. त्या शतकाच्या अखेरीस तिथे वितळलेली काच धातूच्या टेबलावर ओतून, वरून रूळ फिरवून मोठमोठे तक्ते करायला लागले. ठसा टाळायचा कसा, तर टाळायचाच नाही. उमटू द्यायचा आणि नंतर घासून काढायचा. दोन्ही बाजू वाळूनं घासायच्या, मग बारीक पुडीनं चमकवायच्या. दिवसच्या दिवस. काचेचा बराचसा भाग घासण्यातच जायचा. आरशांची किंमत काचेपेक्षा या घासण्याची होती म्हणा ना.

तोवर लहान वस्तू करणाऱ्यांनी एक निराळीच गंमत शोधली होती. कंदिलाची काच आठवते? आपल्याकडे कंदील म्हटलं की कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवतो, निदान आपल्या आजीला तरी. जगभरात अशा चिमण्या आणि नंतर विजेचे दिवे ज्या साच्यांत फुंकत, त्यांना आतून कोळशासारख्या कार्बनचा लेप असे आणि तो लेप पाण्यानं भिजवत. गरम काच आत गेली की पाण्याची वाफ व्हायची, आणि काच त्या वाफेच्या गादीवर गरगर फिरायची. साच्याला तिचा स्पर्शच नाही. म्हणून तिच्यावर साच्याची शिवण दिसत नाही. म्हणजे इथे कागदाचं काम पाण्यानं केलं. तेच पाणी मावशीच्या भट्टीत मात्र वैरी. का, ते पुढे सांगते.

मग विसावं शतक. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्स गावी पिल्किंग्टन कंपनीत ॲलिस्टर पिल्किंग्टन नावाचा इंजिनिअर. आडनाव तेच, पण मालकांच्या घरातला नव्हे. त्यानं १९५२च्या सुमाराला ठरवलं की काच वितळलेल्या कथिलावर तरंगवायची. कथील २३२ अंशांना वितळतं आणि काचेच्या तापमानाला उकळत नाही. काचेपेक्षा जड, त्यामुळे काच वर तरंगते. आणि द्रव असल्यानं आरशासारखं सपाट. साधारण हजार अंशांची काच एका टोकाला त्यावर ओतायची, ती पसरत पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाला साधारण ६०० अंशांना उचलण्याइतकी घट्ट झालेली असते. १९५९च्या जानेवारीत कंपनीनं ही पद्धत जाहीर केली, तोवर सात वर्षं गेली होती. मोठं यंत्र सुरू झाल्यावरही चौदा महिने त्यातून विकण्याजोगी काच निघाली नाही. चौदा महिने! माझे नऊ कोस्टर मला एकदम हलके वाटले.

घासणं संपलं. आज आपल्या खिडक्यांची काच जवळपास सगळी अशीच बनते. पण डाग गेला का? पूर्ण नाही. कथिलावर टेकलेल्या बाजूत कथिलाचा अतिशय पातळ अंश शिरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण अतिनील दिवा धरला की ती बाजू धूसर चमकते. आणि कुणी जुन्या खिडकीची काच घरच्या भट्टीत वाकवायला घेतली की त्या बाजूवर कधी कधी दुधी झाक उमटते. माणूस कागदाला दोष देतो, शेल्फला देतो, आणि कारण असतं कारखान्यातलं कथील. म्हणून खिडकीची काच वापरणाऱ्यांनी आधी कथिलाची बाजू ओळखून खूण करावी आणि एका छोट्या तुकड्यावर करून बघावं.

आता कागद. त्याचा जन्म काचेसाठी झालेलाच नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत केओलिन, म्हणजे चिनी माती, वितळवून हवेच्या झोतानं तिचे तंतू उडवायची पद्धत निघाली. जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखं, फक्त साखरेऐवजी माती. उद्योगांच्या भट्ट्यांना आतून अस्तर लावायला हे तंतू वापरत, आणि त्यांचेच जाड कागद आणि पत्रे निघाले. पुढे १९७०च्या दशकात स्वतःच्या छोट्या खोलीत काच करणाऱ्या कलाकारांची लाट आली. पोर्टलंडची बुलसाय ही काचकंपनी १९७४ची. जर्मनीत घडलेला क्लाउस मोये हा कलाकार १९७९ साली अमेरिकेत आला होता. एकत्र वितळवली तरी निवताना एकमेकींना तडा देणार नाही अशा रंगीत काचा बनवा, हा विषय त्यानं बुलसायच्या लोकांपुढे मांडला, आणि त्यांनी तो मनावर घेतला. तशा काचा मिळायला लागल्यावर काच फ्यूज करणं घराघरांतल्या छोट्या भट्ट्यांपर्यंत पोचलं. त्या भट्ट्यांसाठी पातळ, एकदाच वापरायचा शेल्फ पेपर सोयीचा ठरला.

इथे जरा गंभीर बोलते. जाड सिरॅमिक तंतूंचे जे कागद आणि ब्लँकेट असतात, त्यांच्या तंतूंना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं '२ब' गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेले. पातळ शेल्फ पेपरची रचना वेगळी असते, पण त्याचीही भुकटी फुप्फुसात जाण्यासारखी बारीक असते. म्हणून मावशी त्या दिवशी आधी मला बाहेर घेऊन गेली, कोस्टर नंतर. तिच्याकडे नियम साधा आहे. कुठलाही कागद आणला की आधी त्याचं सुरक्षा-माहितीपत्रक वाचायचं. भुकटी कोरडी झाडायची नाही, फुंकायची तर मुळीच नाही. नीट बसणारा धुळीचा मास्क लावायचा, पूड ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची किंवा बारीक धूळ अडवणारं फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमनं ओढायची. हे मी फुंकर मारून झाल्यावर शिकले. तुम्ही आधी शिका.

लग्नाला तोवर आठ दिवस होते आणि काच जेमतेम नऊ कोस्टरांपुरतीच उरली होती. एकही तुकडा जास्तीचा नाही. या वेळी मावशी हजर होती आणि मी मदतनीस.

तिनं आधी शेल्फवर स्टीलची पट्टी आडवी धरून मागून टॉर्च मारला. एका ठिकाणी पट्टीखालून उजेड आला. तिथे शेल्फला हलका खळगा होता. "तुझा बुडबुडा इथला," म्हणाली. खळग्यातली हवा तापून फुगते, वरून काच मऊ झालेली, मग ती काचेतूनच वाट काढते. कागद घातला म्हणून खळगा भरत नाही. तो शेल्फ तिनं बाजूलाच ठेवला. दुसरा घेतला, त्यावरचा जुना लेप खरवडला आणि नवा दिला.

लेप म्हणजे किल्न वॉश. ॲल्युमिना आणि केओलिनची भुकटी पाण्यात पातळ दुधासारखी कालवायची आणि मऊ रुंद ब्रशनं चार-पाच हात द्यायचे, प्रत्येक हात वेगळ्या दिशेनं. कागद घालणार असलो तरी खाली लेप हवाच, कारण तापलेली काच स्वतःहून साधारण ६ मिलिमीटर जाडी धरते. थर त्याहून जाड रचला असेल तर ती पसरते आणि कागदाबाहेर जाते. तिथे लेप नसेल तर चिकटलीच. आणि एकदा पूर्ण फ्यूज केल्यावर त्या लेपातलं केओलिन बदललेलं असतं, तो पुन्हा वापरला तर काचेला चिकटतो. म्हणून दर वेळी खरवडून नवा. मला हे ऐकताना सारखा तो चुन्याचा हात आठवत होता.

जुलै चालू होता. लेप दिलेला शेल्फ पंख्याखाली वाळेना. मावशीनं तो रिकाम्या भट्टीत घालून २६० अंशांपर्यंत तापवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. लेपात ओल राहिली तर तिची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा काचेखाली बुडबुडे. कंदिलाच्या साच्यात काच सतत फिरती असते, वाफ बाजूनं निघून जाते. इथे काच जागची हलत नाही.

कागद या वेळी तिनं मापून कापला, काचेच्या काठाबरोबर, फार तर दोन-तीन मिलिमीटर बाहेर. छापील बाजू खाली. घडी पडलेला तुकडा बाजूला काढला. प्रत्येक कोस्टरला स्वतंत्र अखंड तुकडा, मध्ये मोकळी जागा. भट्टीच्या झाकणातलं बूच काढून ठेवलं, खोलीची खिडकी उघडली, आणि मला काकूंकडे पाठवलं, "आज दोन तास वास येईल" हे आधीच सांगायला. काकू म्हणाल्या, "एवढंच ना, मग सांगायचंत की." ४५० अंशांच्या पुढे गेल्यावर बूच परत लावलं. आणि ६५० ते ६७५ अंशांच्या टप्प्यात तिनं प्रोग्राम मुद्दाम संथ केला. काच तिथे वाकण्याइतकी मऊ असते पण कडा अजून बंद झालेल्या नसतात, त्यामुळे थरांमधली हवा बाहेर सरकायला वेळ मिळतो.

भट्टी चढत होती तेव्हा मी मावशीला फोनच्या काचेची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं १९६०च्या दशकात एक पद्धत काढली. वितळलेली काच एका लांब पन्हळीत भरत राहायची. ती दोन्ही काठांवरून ओसंडते, पन्हळीच्या दोन्ही बाजूंनी खाली ओघळते, आणि तळाशी जिथे पन्हळ निमुळती होऊन संपते तिथे दोन्ही ओघळ एकमेकांना मिळून एक तक्ता होतो. तो तसाच हवेत खाली ओढत न्यायचा. पन्हळीला जी बाजू टेकली ती दोन्ही ओघळांच्या मधोमध गाडली गेली. बाहेरच्या दोन्ही बाजूंना हवेशिवाय काहीच लागलं नाही. आधी मोटारींच्या पुढच्या काचेसाठी म्हणून ही खटपट झाली, तिथे धंदा जमला नाही. पुढे सपाट स्क्रीनसाठी ती उपयोगी पडली, आणि २००७ नंतर फोनसाठी. आज कितीतरी फोनांवर अशी काच असते.

मावशीनं माझा फोन घेतला, उजेडात तिरका धरून बघितला. "म्हणजे डाग आहेच," म्हणाली, "आत लपवलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. नऊच्या नऊ स्वच्छ. कडांना भुगा नाही, झाक नाही. एकाच्या खाली कागदाच्या कुठल्याशा सुरकुतीची केसाएवढी रेघ होती, ती मलाच दिसत होती. आधीचे तीन आणि हे नऊ, बारा झाले. मावशीनं एकेक उचलून पालथा केला, खालच्या मंद बाजूवरून अंगठा फिरवला आणि ओल्या फडक्यानं पुसून ठेवत गेली. रेघेचा कोस्टर हातात आल्यावर थांबली. मग तोही पुसला आणि इतरांबरोबर ठेवला.

मी कोपऱ्यातला कोरडा ब्रश उचलून कचऱ्यात टाकायला निघाले, तर म्हणाली, "टाकू नकोस. लेपाला लागतो. फक्त भट्टीजवळ दिसला तर बघ."